शंकर आबाजी भिसे

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबई येथे झाला. यंत्रांची व रसायनांची त्यांना लहानपणापासूनच विलक्षण ओढ होती. चौदा वर्षांच्या वयात त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात कोळशाचा वायू तयार करण्याचे उपकरण उभारले. यंत्रविद्येचे शिक्षण त्यांना कोणत्याही महाविद्यालयात मिळाले नाही. एका अमेरिकन शास्त्रीय मासिकाचे अंक बारकाईने वाचून त्यांनी ते स्वतःच मिळविले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. साखर, पीठ यांसारखा माल आपोआप तोलून देणारे यंत्र तीत हवे होते. भिसे यांनी त्याचा आराखडा पाठविला आणि तोच पहिला ठरला! या यशामुळे ते लंडनला गेले. तेथे दादाभाई नौरोजींनी त्यांना मोलाचे साहाय्य केले.

त्या काळी छापखान्यासाठी शिशाचे खिळे ओतण्यात फार वेळ जाई. भिसे यांनी हे काम झपाट्याने करणारे 'भिसोटाइप' नावाचे यंत्र शोधून काढले आणि त्याचे पेटंट घेतले. पेटंट म्हणजे शोधावर संशोधकाला ठराविक मुदतीपुरता मिळालेला एकाधिकार. त्या मुदतीत इतरांना ती वस्तू बनवायची असेल, तर त्यांनी संशोधकाकडून परवाना घ्यावा आणि त्याचा मोबदला द्यावा, असा कायदा आहे. परंतु भांडवल नसेल तर हा हक्क केवळ कागदावरच राहतो. भिसे यांना याचा कटू अनुभव आला. हिंडमन या इंग्रज पुढाऱ्याने द्रव्य उभारण्याचे कबूल केले होते. ते उभे राहिले नाही. १९०८ साली निराश होऊन ते मायदेशी निघाले. त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. त्यांनी भिसे यांची योग्यता ओळखली व रतनजी टाटा यांचे साहाय्य मिळवून दिले. तरीही यंत्राला अपेक्षित यश लाभले नाही.

भिसे खचले नाहीत. पुढे ते अमेरिकेत गेले आणि रसायनशास्त्राकडे वळले. आयोडीन जंतूंचा नाश करते. परंतु त्याचा नेहमीचा अर्क पोटात गेल्यास विषारी ठरतो. म्हणून आयोडीनला सौम्य रूप देऊन त्यांनी 'ॲटोमिडीन' नावाचे औषध सिद्ध केले. ते नाना रोगांवर गुणकारी असल्याचे सांगितले जाई. आज मात्र काटेकोर चाचण्यांनी सिद्ध झाल्याशिवाय असा दावा कोणी मान्य करीत नाही.

अमेरिकेतील लोक त्यांना 'हिंदी एडिसन' म्हणू लागले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

आज संधिवातासारख्या सूज आणणाऱ्या रोगांवर, शरीरातील विकरांना आवर घालणारी औषधे निघाली आहेत. त्यांचेही हक्क परवान्याच्या मार्गानेच एका संस्थेकडून दुसरीकडे जातात. शोधकाची बुद्धी, भांडवलदाराचा विश्वास आणि कायद्याचे संरक्षण या तिन्हींचा मेळ जमला, तरच शोध रोग्याच्या उशापर्यंत पोहोचतो. तो मेळ जमविण्यासाठी भिसे यांनी आयुष्यभर धडपड केली. अपयशांनी वारंवार गाठूनही त्यांनी नव्या शोधाची वाट सोडली नाही, हेच त्यांचे मोठेपण होय.