उस्ताद अल्लादिया खाँ

अल्लादिया खाँ यांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उणियारा येथे झाला. वडील लवकर वारले. चुलते जहांगीर खाँ यांनी त्यांना गाणे शिकवले.

तरुणपणी आमलेटा येथील दरबारात ते दिवसामागून दिवस गात राहिले आणि त्यांचा आवाज बसला. पुष्कळ काळ तो परत आलाच नाही. गवयाचा गळा गेला म्हणजे सुताराचा हातच गेला! पुढे आवाज आला. पण पूर्वीची गोडी त्यात नव्हती. खाँसाहेबांनी रियाज सोडला नाही. उरलेल्या आवाजाला शोभेल अशी नवी, वळणावळणाची गायकी त्यांनी घडवली. तीच जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी होय.

शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरला दरबारी गायक नेमले. १९२२ साली महाराज वारले. त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या नामवंत शिष्या. १९७७ साली अमेरिकेने अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांतील तबकडीवर केसरबाईंचे गाणे आहे.

म्हातारपणी खाँसाहेबांनी आपल्या आठवणी नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितल्या. आवाज गेल्याची हकीकतही त्यांनी लपवली नाही. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.