विश्लेषण : डोळ्यांच्या फाइलमधील ‘६/६०’ कुठून आला? हर्मन स्नेलेन यांच्या तक्त्यावर आजही उपचारांचा अंदाज का अवलंबून?

म्हसवड, दहिवडी किंवा आटपाडीतून एखादे आजोबा डोळ्याच्या पडद्यात पाणी झाले म्हणून साताऱ्याला, नाही तर मिरजेला जातात. तपासणी होते, पडद्याचे स्कॅन निघते, डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागेल असे सांगितले जाते. बरोबर आलेल्या मुलाचा किंवा सुनेचा प्रश्न एकच असतो, नजर परत येणार का? उत्तर देताना डॉक्टर स्कॅन पाहतातच, पण फाइलमध्ये लिहिलेला ६/६० किंवा ६/२४ असा आकडाही पाहतात. नजर अशी मोजण्याची पद्धत १८६२ मध्ये एका २८ वर्षांच्या डच डॉक्टरने घालून दिली. त्यांचे नाव हर्मन स्नेलेन.

स्नेलेन कोण होते?

स्नेलेन यांचा जन्म १८३४ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्ट शहराजवळच्या झाइस्ट येथे झाला. वैद्यकीय शिक्षण उट्रेख्टलाच झाले आणि तिथे त्यांना फ्रान्सिस्कस डोंडर्स हे गुरू भेटले. नेत्रवैद्यक तेव्हा नुकतेच स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहत होते. जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ऑप्थॅल्मोस्कोप तयार केल्यामुळे जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा डॉक्टरांना प्रथमच नीट दिसू लागला होता. १८५८ मध्ये डोंडर्स यांनी उट्रेख्टमध्ये गोरगरिबांसाठी नेत्र रुग्णालय सुरू केले. त्याच वर्षी पदवी घेतलेले स्नेलेन तिथे रुजू झाले आणि पुढचे सगळे आयुष्य त्यांनी त्याच शहरात, त्याच कामात घालवले.

त्याआधी नजर मोजत नव्हते का?

मोजत होते, पण प्रत्येकाचे माप वेगळे. जर्मनीतील क्यूख्लर यांनी १८४३ मध्ये एक तक्ता केला होता. व्हिएन्नाच्या येगर यांनी १८५४ मध्ये लहान-मोठ्या टायपात छापलेले वाचनाचे नमुने काढले. हे नमुने लोकप्रियही झाले. अडचण अशी की अक्षराचा आकार छापखान्यातल्या खिळ्यांवर ठरे. छापखाना बदलला की माप बदलले. एका गावच्या डॉक्टरने लिहिलेली नोंद दुसऱ्या गावच्या डॉक्टरला निरुपयोगी. चष्म्याच्या नंबरांवर संशोधन करणाऱ्या डोंडर्स यांना कुठेही सारखेच राहील असे माप हवे होते. ते काम त्यांनी स्नेलेन यांच्यावर सोपवले.

तक्ता कसा तयार झाला?

स्नेलेन यांनी आधी चौकोन, वर्तुळे अशी चिन्हे वापरून पाहिली. पण काय दिसते ते रुग्णाला शब्दांत सांगता येईना आणि बरोबर-चूक ठरवणेही अवघड जाई. मग ते अक्षरांकडे वळले. मात्र छापखान्यातली अक्षरे न घेता त्यांनी पाच बाय पाच घरांच्या चौकटीत स्वतःची अक्षरे आखली. अक्षराच्या रेघेची जाडी एक घर, पूर्ण अक्षर पाच घरे.

खरी युक्ती पुढे आहे. वर्तुळाचे ३६० अंश आणि प्रत्येक अंशाचे ६० भाग केले, की एका भागाला कोनाचे एक मिनिट म्हणतात. ठरलेल्या अंतरावरून ज्या अक्षराची रेघ डोळ्याशी बरोबर एक मिनिटाचा कोन करते, ते वाचणारा डोळा त्यांनी प्रमाण मानला. हिशेब केला तर ६ मीटरवरून वाचायचे ६/६ चे अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच येते आणि ६/६० चे त्याच्या दहापट, म्हणजे ८७ मिलिमीटर. प्रमाण डोळा जे अक्षर ६० मीटरवरून वाचतो, ते या रुग्णाला ६ मीटरवर यावे लागते, असा ६/६० चा अर्थ. अभियांत्रिकी शिकलेल्या कोणालाही यात नीट लिहिलेले स्पेसिफिकेशन दिसेल : पट्टी घ्या, अंतर मोजा, तक्ता कुठेही बनवा. म्हणूनच तो जगभर गेला.

दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. ६/६ म्हणजे सर्वोत्तम नजर नव्हे. निरोगी तरुण डोळे बऱ्याचदा त्याखालची ओळही वाचतात. दुसरे म्हणजे, शिरोरेषा आणि काना-मात्रा असलेली देवनागरी अक्षरे या चौकटीत तितकी सहज बसत नाहीत. अक्षरओळख नसलेल्यांसाठी आपल्याकडे वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या ‘ई’चा तक्ता असतो. त्याचे गणितही हेच.

स्नेलेन १८७७ मध्ये प्राध्यापक आणि १८८४ मध्ये रुग्णालयाचे संचालक झाले. पापण्यांच्या शस्त्रक्रियेतील एक टाका त्यांच्या नावाने ओळखला जातो. काचेच्या कृत्रिम डोळ्यातही त्यांनी सुधारणा घडवली. त्यांचा मुलगाही नेत्रतज्ज्ञ झाला. १९०८ मध्ये उट्रेख्ट येथे त्यांचे निधन झाले.

वेट एएमडीशी याचा काय संबंध?

उतारवयात पडद्याच्या मधल्या भागाखाली, म्हणजे मॅक्युलाखाली, नको असलेल्या रक्तवाहिन्या वाढतात आणि पाझरतात. हा वेट एएमडी. दाराची चौकट वाकडी दिसते, समोरच्याचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा होतो. कडेची नजर मात्र राहते. स्नेलेन यांच्या काळात यावर उपचार नव्हता. अशा वाहिन्यांची वाढ रोखणारे रॅनिबिझुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झाले.

त्यामागची एक मोठी चाचणी, ‘मरिना’, अक्षरांतच मोजली गेली. वर्षभरात इंजेक्शन घेतलेल्यांना पूर्ण मात्रेवर सरासरी सुमारे ७ अक्षरे जास्त वाचता आली. न घेतलेल्यांची सरासरी १० अक्षरे गेली. म्हणजे नजर जिथे आहे तिथे टिकली, तरी तो उपचाराचा फायदाच असतो. ‘एवढी इंजेक्शने घेतली, फरक काही नाही’ म्हणून मध्येच थांबणाऱ्या कुटुंबांच्या हिशेबात ही न गेलेली अक्षरे धरलेलीच नसतात.

अंदाज कशावर बांधतात?

पहिल्या दिवशीच्या आकड्यावर बराचसा. रॅनिबिझुमॅब आणि स्वस्त बेव्हॅसिझुमॅब यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतील ‘कॅट’ चाचणीत असे दिसले, की सुरुवातीला नजर चांगली असलेल्यांना वाढ कमी मिळते, कारण वाढायला जागाच कमी. पण वर्षअखेरीस त्यांचीच नजर वरचढ असते. जास्त वय आणि रक्तवाहिन्यांचे मोठे जाळे या बाबी फायदा कमी करतात. ६/१२ वर आलेला रुग्ण तिथेच थांबला, तरी ६/६० वरून दोन-तीन ओळी वर चढलेल्यापेक्षा त्याला जास्त दिसते. दाराची चौकट वाकडी दिसू लागली आणि जत्रा, सुगी उरकून मग दाखवू म्हटले, तर खर्ची पडतो तो हा सुरुवातीचा आकडा.

इथे स्नेलेन यांच्या तक्त्याची मर्यादाही उघडी पडते. वरच्या ओळीत एकच अक्षर, आणि ६/६० नंतर थेट ६/३६. अधू नजरेतील लहान सुधारणा त्यात पकडताच येत नाही. मेलबर्नच्या बेली आणि लव्ही यांनी १९७६ मध्ये प्रत्येक ओळीत पाच अक्षरे आणि ओळींमध्ये समान पायऱ्या असलेला तक्ता केला. चाचण्यांमध्ये त्याच धर्तीचा तक्ता वापरतात. गर्दीच्या ओपीडीत मात्र झटपट होतो म्हणून स्नेलेनच चालतो.

संगणकाने हे काम सोपे केले का? काही अंशी. व्हिएन्नातील संशोधकांनी २०१८ मध्ये सहाशेहून अधिक रुग्णांची स्कॅन मशीन लर्निंगला देऊन वर्षअखेरची नजर वर्तवून पाहिली. पहिल्या दिवशीचा अंदाज कच्चा निघाला, तीन महिन्यांनंतरचा बराच पक्का. स्कॅनमधील बारकाव्यांपेक्षाही त्यात जास्त वजन होते ते रुग्णाने वाचलेल्या अक्षरांना.

साधारणपणे महिन्याला एक अशी पहिली तीन इंजेक्शने देऊन मग डॉक्टर पुढचे बोलतात, ते यामुळेच. त्या प्रत्येक फेरीला चष्मा सोबत न्यावा, एकेक डोळा झाकून वाचावे आणि तक्त्यापासूनचे अंतर तेच ठेवावे. यातले एक जरी बदलले, तरी मागच्या महिन्याच्या आकड्याशी तुलना होत नाही.