उशिरा शिकलेला विद्यार्थी : महाराजा सयाजीराव गायकवाड



काळ्या घोड्याजवळून तुमच्यापैकी अनेकजण रोज शाळेत येतात. घोड्यावर बसलेल्या महाराजांकडे मान वर करून पाहण्याची सवय मात्र आपल्याला राहिलेली नाही. बागेला त्यांचे नाव, विद्यापीठाला त्यांचे नाव, हॉस्पिटललाही त्यांचेच नाव. इतक्या ठिकाणी नाव असले की माणूस हरवून जातो.

यंदा वाचनाच्या तासाला आठवीतील एक विद्यार्थी उभा राहून वाचायला काही केल्या तयार होईना. घरी तो मराठी बोलतो, पण सुरुवातीची वर्षे दुसऱ्या माध्यमात गेली. जोडाक्षर आले की तो अडखळतो आणि मागच्या बाकावरून हसू येते. तेरा वर्षांच्या त्या मुलाची खात्री झाली आहे की आपल्याला आता उशीर झाला. त्याच्याशी बोलताना मला सयाजीरावांची आठवण झाली. महाराज म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून. त्यांच्या चरित्राचा तेवढाच भाग सांगायचा विचार होता. लिहिता लिहिता थोडा पुढे गेलो आहे.

सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ मधला. गाव कवळाणे, नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळचे. वडिलांचे नाव काशीराव, आईचे उमाबाई, आणि मुलाचे नाव गोपाळ. गायकवाड घराण्याची ही दूरची शाखा. राजवैभवाशी तिचा संबंध उरला नव्हता, घरी शेती होती. गोपाळ त्या घरातल्या इतर मुलांसारखाच वाढला. बाराव्या वर्षापर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती.

बडोद्यात त्या वेळी मोठी उलथापालथ चालू होती. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग झाल्याचे प्रकरण गाजले, चौकशी झाली आणि १८७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाड यांना गादीवरून दूर केले. खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. निवडीसाठी कवळाण्याहून मुले आणली गेली. कशासाठी आलात, या प्रश्नाला गोपाळने राज्य करायला आलो असे ठासून उत्तर दिले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. ती सर्वांना आवडते. मला तिच्यापेक्षा तिच्यानंतरचे दिवस अधिक महत्त्वाचे वाटतात. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले, गोपाळचा सयाजीराव झाला, आणि राज्य करायला आलेल्या या मुलाला प्रथम पाटी हातात घ्यावी लागली.

आपण कल्पना करून पाहू. ज्या वयात बरोबरीची मुले पुस्तके वाचतात, हिशेब करतात, त्या वयात हा मुलगा पहिले अक्षर गिरवतो आहे. तेही गावातल्या एखाद्या कोपऱ्यात नव्हे; सारा दरबार, दिवाण, रेसिडेंट यांचे डोळे लागलेले. गाव सुटले, नाव सुटले, अंगवळणी पडलेली बोली आणि मोकळेपणा सुटला. डिसेंबर १८७५ मध्ये एफ. ए. एच. एलियट या इंग्रज अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यांच्यासाठी वेगळी शाळाच काढण्यात आली आणि सोबतीला काही मुलेही देण्यात आली. व्यायाम आणि घोडेस्वारी ठरलेली, आणि बाकीचा दिवस अभ्यासाचा. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम सुरू झाल्या. गणित, इतिहास, भूगोल होतेच.

सुरुवातीला हा विद्यार्थी मंद आहे असेच एलियटसाहेबांचे मत पडले. शिक्षक म्हणून हे वाचताना मी जरा थांबलो. आपणही वर्गात अशी मते किती लवकर बनवतो! पण एलियट यांचा मोठेपणा असा की ते मत धरून बसले नाहीत. मुलगा चिकाटीचा आहे, सांगितलेले काम सोडत नाही, हे त्यांनी ओळखले आणि त्याच्या गतीने त्याला शिकवले. गुरुशिष्यांचा स्नेह पुढे अनेक वर्षे टिकला. एलियट यांनी पुढे बडोदे राज्यात जमिनीच्या मोजणी व आकारणीचे कामही पाहिले.

शेवटच्या वर्षी, १८८१ मध्ये, दिवाण सर टी. माधवराव यांनी स्वतः तरुण राजाला राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती पुढे पुस्तकरूपानेही आली. राजाने आपल्या खर्चाला मर्यादा कशी घालावी, अधिकाऱ्यांशी कसे वागावे, लोकांचे ऐकून कसे घ्यावे, असे त्यांचे विषय होते. खातेप्रमुखांनीही आपापल्या खात्याची माहिती दिली. आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, राज्याची पूर्ण सूत्रे सयाजीरावांच्या हाती आली. जेमतेम सहा वर्षांचे शालेय शिक्षण झाले होते.

आपले शिक्षण अपुरे राहिले ही जाणीव त्यांना जन्मभर होती, असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. गादीवर बसल्यावर वाचन थांबले नाही; उलट त्याचे रीतसर खातेच झाले म्हणा ना! महाराजांना वाचून दाखवण्यासाठी पगारी ‘रीडर’ नेमले जात. १८८९ मध्ये या जागेवर एक तरुण पदवीधर आला, त्याचे नाव गोविंद सखाराम सरदेसाई. सरदेसाईंनी महाराजांना ग्रंथ वाचून दाखवायचे, टिपणे काढायची, राजपुत्रांना इतिहास शिकवायचा. महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी मॅकियाव्हेली आणि सीली यांचे ग्रंथ मराठीत आणले. राजपुत्रांना शिकवण्यासाठी केलेली इतिहासाची टिपणे वाढत गेली आणि त्यांतून ‘रियासती’ जन्मल्या. मराठ्यांच्या इतिहासाचे एवढे मोठे काम एका राजाच्या वाचनाच्या तासातून सुरू झाले, ही गोष्ट बडोदेकर मराठी माणसाने तरी विसरू नये.

अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते. महाराजांची काही भाषणे व पत्रे तयार करण्यास ते मदत करीत आणि कॉलेजात शिकवीत. इंग्लंडात वाढल्यामुळे त्यांना आपली मातृभाषा बंगाली नीट येत नव्हती; ती त्यांनी येथे राहून शिकून घेतली. आठवीतल्या आपल्या मित्राला हेही सांगायचे आहे.

आता राज्यातील शाळांकडे येतो. १८८२-८३ च्या सुमारास त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी शाळा सुरू केल्या. शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक पुढे येईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमून शाळा चालवल्या. १८९३ मध्ये काठेवाडातील अमरेली तालुक्यात काही गावे निवडून मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला. तेरा वर्षे तो पाहून १९०६ मध्ये सबंध राज्याला कायदा लागू केला. मुलांना सात ते बारा, मुलींना सात ते दहा या वयात शाळा सक्तीची; न पाठवणाऱ्या पालकाला दंड. गोरगरिबांना तो जाचक वाटला. शेतावरचा, गुरांमागचा हात कमी होतो आणि वर दंड भरायचा, हे कोणाला रुचणार? मुलींची मर्यादा मुलांपेक्षा कमी ठेवली गेली, हेही आज खटकते. तरी ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा तेव्हा नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. ते विधेयक पुढच्या वर्षी नामंजूर झाले.

शाळा तर निघाल्या. पण थोड्याच काळात एक अडचण दिसू लागली, आणि सयाजीरावांचे वेगळेपण मला येथे सर्वांत जास्त जाणवते. बाराव्या वर्षी मुलगा शाळेतून बाहेर पडतो, नांगराला लागतो. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. दोन-चार वर्षांत तो शिकलेले विसरतो, आणि सरकारने केलेला सारा खर्च पाण्यात जातो. ज्याने स्वतः उशिरा आणि कष्टाने अक्षरे कमावली, त्याला ती किती लवकर पुसली जाऊ शकतात हे वेगळे सांगावे लागले नसेल.

१९१० च्या अमेरिका प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि विल्यम बॉर्डन या अनुभवी ग्रंथपालाला बडोद्याला बोलावले. बॉर्डन १९१० ते १९१३ येथे होते. राजवाड्यातील सुमारे वीस हजार पुस्तके महाराजांनी देऊन टाकली आणि त्यांतून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. ग्रंथालयाचे काम शिकवणारा वर्ग येथे १९११ मध्ये सुरू झाला. हिंदुस्थानातील तो पहिलाच. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग निघाले.

गावांसाठीची योजना साधी होती. गावाने वर्गणी काढायची. ठरलेल्या मर्यादेपर्यंत तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची. म्हणजे गावाचा एक रुपया तीन रुपये होई. पण पहिला रुपया गावाचाच हवा! आपल्या विश्वस्तांना या हिशेबाचे मर्म चटकन कळेल. फुकट मिळालेल्या पुस्तकांवर धूळ बसते. वर्गणी भरून आणलेल्या पुस्तकाची चौकशी होते. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे कुलपाच्या लाकडी पेट्यांतून पंधरा ते तीस पुस्तके पाठवली जात. वाहतुकीचा खर्चही सरकारचा. पुस्तके वाचून झाली की पेटी परत, नवी पेटी हजर. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रे आणि पुढे चित्रपट दाखवणारी शाखाही होती. या चळवळीत चरोतरातील शिक्षक मोतीभाई अमीन यांनी आयुष्य वेचले. त्यांच्या वाट्याचे श्रेय महाराजांच्या नावावर टाकून मोकळे होणे बरोबर नाही. महाराजांच्या हयातीतच हजाराहून अधिक गावांत ग्रंथालये झाली.

पुस्तके हवीत तर ती लोकांच्या भाषेत हवीत. ‘सयाजी साहित्यमाला’ आणि ‘सयाजी बालज्ञानमाला’ या मालांतून मराठी व गुजराती दोन्ही भाषांत ग्रंथ निघाले. राजा मराठी, बहुतेक प्रजा गुजराती. सयाजीरावांनी दोन्ही भाषा आपल्या मानल्या. कारभारातले शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी देणारा ‘सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा कोश १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या घरी मराठी, दारात गुजराती, म्हणून मुलांचा गोंधळ होतो असे म्हणणाऱ्या पालकांनी हा कोश एकदा चाळून पाहावा.

सगळेच जमले असे मात्र नाही. १९१३ मध्ये महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिकून ते १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तेथूनही थोड्याच दिवसांत लोकांनी काठ्या घेऊन त्यांना बाहेर काढले आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. शिष्यवृत्तीची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा खोलीची गोष्टही सांगायला हवी. ती आपल्याच शहरात घडली.

घरचे आयुष्य सुखाचे नव्हते. पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ मध्ये क्षयाने गेल्या. थोरले पुत्र फत्तेसिंहराव १९०८ मध्ये वारले आणि नंतरही तरुण मुलांचे मृत्यू त्यांना पाहावे लागले. प्रकृती साथ देत नसे, त्यामुळे परदेशात वरचेवर राहावे लागे आणि त्यावरून टीकाही होई. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. बडोद्यात स्वतंत्र विद्यापीठ व्हावे ही त्यांची इच्छा होती. ते १९४९ मध्ये झाले.

मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही आहे. पुस्तकांच्या पोलादी कपाटांमध्ये तेथे जाड काचेच्या फरशा बसवल्या आहेत, वरचा उजेड खालच्या मजल्यावरील पुस्तकांपर्यंत उतरावा म्हणून. मी पाचवीत असताना वडिलांबरोबर तेथे गेलो, तेव्हा काच फुटेल या भीतीने पाऊल टाकायला तयार नव्हतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी व नववीचे वर्ग तेथे नेण्याचा विचार आहे. पालकांनी संमतीपत्रावर सही करून ते वर्गशिक्षकांकडे द्यावे. आणि मुलांनो, कपाटातून आपल्या आवडीचे एक मराठी पुस्तक शोधून त्याचे पहिले पान तेथेच मोठ्याने वाचायचे आहे. अडखळले तरी चालेल, हसायचे मात्र कोणी नाही.