क्लॉडिया जोन्स

क्लॉडिया व्हेरा जोन्स, जन्मनाव क्लॉडिया व्हेरा कंबरबॅच (२१ फेब्रुवारी, १९१५:पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद - २४ डिसेंबर, १९६४:लंडन, इंग्लंड), या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पत्रकार, संपादक व साम्यवादी कार्यकर्त्या होत्या. अमेरिकेने त्यांना १९५५ मध्ये हद्दपार केले. त्यानंतर लंडनमध्ये त्यांनी वेस्ट इंडियन गॅझेट हे वृत्तपत्र काढले आणि जानेवारी १९५९ मध्ये तेथील कॅरिबियन लोकांचा पहिला मोठा कार्निव्हल भरवला. आज दरवर्षी ऑगस्टअखेर लंडनच्या रस्त्यांवर होणाऱ्या नॉटिंग हिल कार्निव्हलच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. त्यांना त्या उत्सवाची जननी म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र तो किती यथार्थ आहे याबद्दल मतभेद आहेत.

== बालपण ==

क्लॉडिया यांचा जन्म पोर्ट ऑफ स्पेनच्या बेलमाँट भागात झाला. त्रिनिदाद त्या वेळी ब्रिटिश वसाहत होती. पहिल्या महायुद्धानंतर कोकोचा भाव कोसळला आणि बेटावरील अनेक कुटुंबांप्रमाणे कंबरबॅच कुटुंबाचीही परिस्थिती खालावली. आईवडील १९२२ मध्ये न्यूयॉर्कला गेले. क्लॉडिया आणि त्यांच्या बहिणी १९२४ मध्ये त्यांच्यापाशी पोहोचल्या. तेव्हा क्लॉडिया आठ वर्षांच्या होत्या.

हार्लेममधील दिवस हलाखीचे होते. कपड्यांच्या कारखान्यात राबणारी आई काही वर्षांतच मरण पावली. शाळेत चांगल्या नागरिकत्वाचे पारितोषिक मिळवणाऱ्या या मुलीला पदवीदान समारंभासाठी नवा पोशाख घेणे घरच्यांना परवडले नाही. ओलसर, कोंदट घरात राहून वयाच्या सतराव्या वर्षी त्यांना क्षयरोग झाला. जवळजवळ वर्षभर त्या आरोग्यधामात होत्या. आजार बरा झाला तरी फुप्फुसे कायमची दुबळी राहिली. शालेय शिक्षणानंतर धुलाईगृह, कारखाना, दुकान अशा ठिकाणी त्यांनी मिळेल ते काम केले.

== अमेरिकेतील कार्य आणि हद्दपारी ==

अलाबामा राज्यातील स्कॉट्सबरो येथे नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर बलात्काराचा खोटा आरोप ठेवून चालवलेल्या खटल्याने त्या काळातील अमेरिका ढवळून निघाली होती. या तरुणांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या चळवळीत साम्यवादी पक्ष आघाडीवर होता. त्यामुळे क्लॉडिया त्या पक्षाकडे ओढल्या गेल्या आणि १९३६ मध्ये पक्षाच्या युवक संघटनेत दाखल झाल्या. 'जोन्स' हे आडनाव त्यांनी पक्षकार्यासाठी घेतले. पुढे त्याच नावाने त्या ओळखल्या गेल्या. डेली वर्कर या पक्षाच्या दैनिकात त्यांनी लेखन व संपादन केले. १९४० मध्ये त्यांचा विवाह झाला. तो १९४७ मध्ये संपुष्टात आला.

१९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा कृष्णवर्णीय स्त्रियांच्या प्रश्नांवरील लेख हे त्यांचे सर्वांत परिणामकारक लेखन मानले जाते. कृष्णवर्णीय कामकरी स्त्री वंश, वर्ग आणि लिंग अशा तिन्ही बाजूंनी एकाच वेळी भरडली जाते आणि खुद्द डाव्या चळवळीतही तिच्याकडे दुर्लक्ष होते, अशी मांडणी त्यांनी त्यात केली. स्त्रीवादी अभ्यासात हा विचार पुष्कळ नंतर रूढ झाला.

क्लॉडिया यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले नव्हते. बालपणापासून त्या देशात वाढलेली व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने परकीयच राहिली आणि सरकारने नेमका याचाच आधार घेतला. १९४८ मध्ये त्यांना प्रथम अटक झाली. १९५१ मध्ये स्मिथ कायद्याखाली इतर साम्यवादी नेत्यांसह त्यांना पुन्हा पकडण्यात आले. त्याच वर्षी वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. १९५३ मध्ये एक वर्ष व एक दिवसाच्या कारावासाची शिक्षा सुनावली गेली. अपील फेटाळले गेल्यावर १९५५ मध्ये ती त्यांनी वेस्ट व्हर्जिनियातील ऑल्डरसन येथील स्त्रियांच्या तुरुंगात भोगली. २३ ऑक्टोबर, १९५५ रोजी त्यांची सुटका झाली.

हद्दपारीचा आदेश निघाला, पण त्यांना पाठवायचे कोठे हा प्रश्न होता. त्रिनिदादच्या वसाहती सरकारला त्या बेटावर नको होत्या. अखेर ब्रिटिश प्रजाजन या नात्याने त्यांना इंग्लंडमध्ये राहू देण्याचे ठरले. डिसेंबर १९५५ मध्ये त्या जहाजाने निघाल्या आणि ऐन नाताळाच्या तोंडावर साउदॅम्प्टनला उतरल्या.

== लंडन आणि वेस्ट इंडियन गॅझेट ==

दुसऱ्या महायुद्धानंतर मनुष्यबळाची टंचाई भासणाऱ्या ब्रिटनमध्ये कॅरिबियन बेटांवरून मोठ्या संख्येने लोक येत होते. २२ जून, १९४८ रोजी टिलबरी बंदरात आलेले एम्पायर विंडरश हे जहाज या स्थलांतराचे प्रतीक ठरले आहे. रेल्वे, बस आणि रुग्णालये यांत या लोकांना काम मिळे. भाड्याची खोली मात्र सहजी मिळत नसे. कृष्णवर्णीयांना जागा देणार नाही अशा पाट्या घरांवर उघडपणे लावल्या जात, आणि तसे करण्यास कायद्याने बंदीही नव्हती.

ब्रिटिश साम्यवादी पक्षात क्लॉडिया यांचे स्वागत थंडपणे झाले. अमेरिकेत वरिष्ठ पातळीवर काम केलेल्या या कार्यकर्तीला तेथे तोलामोलाचे पद मिळाले नाही. त्यांनी आपले लक्ष ब्रिक्स्टन आणि नॉटिंग हिलमधील स्थलांतरितांकडे वळवले. मार्च १९५८ मध्ये ब्रिक्स्टनमधील एका केशकर्तनालयाच्या वरच्या मजल्यावरून वेस्ट इंडियन गॅझेट निघू लागले. वसाहतींच्या स्वातंत्र्यलढ्यांच्या बातम्या, बेटांवरील घडामोडी, लंडनमधील घरांचे व नोकऱ्यांचे प्रश्न, साहित्य, संगीत असे त्याचे स्वरूप होते. पुढे त्याच्या नावात आफ्रिकी आणि आशियाई लोकांचाही उल्लेख जोडला गेला. पैशाची चणचण मात्र पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत कायम होती.

== १९५८ चे दंगे ==

ऑगस्ट १९५८ च्या उत्तरार्धात प्रथम नॉटिंगहॅम शहरात आणि नंतर लंडनच्या नॉटिंग हिल भागात वांशिक हिंसाचार उसळला. गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी कृष्णवर्णीयांवर आणि त्यांच्या घरांवर हल्ले केले. काही ठिकाणी कृष्णवर्णीयांनी प्रतिकारही केला. नॉटिंग हिलमधील हिंसाचार सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालू होता. हल्लेखोरांपैकी नऊ गोऱ्या तरुणांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली. दुसरीकडे दंग्यात पकडल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांवरही खटले चालले आणि दंडाची रक्कम उभी करणे अनेकांना अवघड गेले. देशात कॅरिबियन लोकांच्या प्रवेशावर बंधने घालावीत अशी मागणी जोर धरू लागली. जणू दंग्याचा दोष मार खाणाऱ्यांच्या येथे येण्यातच होता.

गॅझेटभोवती जमलेल्या मंडळींपुढे आता दुहेरी काम होते: दंडासाठी पैसा उभा करायचा आणि भेदरलेल्या समाजाला पुन्हा घराबाहेर, एकत्र आणायचे. या विचारविनिमयातून कार्निव्हलची कल्पना पुढे आली. ऐन हिवाळ्यात लंडनमध्ये कार्निव्हल, हे ऐकून उपस्थितांपैकी काहींना हसू आवरले नाही असे सांगितले जाते.

== कार्निव्हलची त्रिनिदादी परंपरा ==

या सूचनेमागील अर्थ समजण्यासाठी त्रिनिदादचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. कार्निव्हल हा मुळात कॅथलिक पंचांगातील उत्सव आहे. लेंट हा उपवासाचा काळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्याआधीच्या दिवसांत खाणे, पिणे, सोंगे आणि नाच यांना मोकळीक असते. गोव्यातील कार्निव्हलही याच पंचांगाला बांधलेला आहे. स्पॅनिश सरकारने १७८३ मध्ये कॅथलिक वसाहतवाल्यांना जमिनी देऊ केल्यावर फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह त्रिनिदादला आले. त्यांच्या मुखवट्यांच्या मेजवान्यांत गुलामांना स्थान नव्हते. १८३० च्या दशकात गुलामगिरी संपली, आणि मुक्त झालेल्यांनी हा सण रस्त्यावर आणला. मशाली, ढोल आणि काठ्या घेऊन निघणाऱ्या त्यांच्या मिरवणुकीला कॅनबुले म्हणत. ऊस जळू लागला की गुलामांना रात्रीबेरात्री मळ्यावर हाकलले जाई. त्याची ही नक्कल होती.

सत्ताधाऱ्यांना हा उत्सव धोकादायक वाटे. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पोलीस आणि मिरवणूकवाले यांच्यात मोठी चकमक झाली. १८८४ मध्ये ढोल व मशालींवर निर्बंध आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅन फर्नांदो येथे भारतीय करारबद्ध मजुरांच्या मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार होऊन अनेक जण ठार झाले. या मिरवणुकीत हिंदू मजूरही सामील होत असत. ढोल गेले तेव्हा लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे डबे आणि तेलाची पिंपे ठोकून स्टीलपॅन हे नवे वाद्य घडवले. १९५१ मध्ये फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनच्या निमित्ताने त्रिनिदादचे एक स्टीलबँड पथक लंडनला आले, तेव्हा ब्रिटिशांनी हे वाद्य कुतूहलाने ऐकले. अशा परंपरेत वाढलेल्या लोकांना दंग्याला कार्निव्हलने उत्तर देणे विसंगत वाटण्याचे कारण नव्हते.

== सेंट पँक्रसचा कार्निव्हल ==

पहिला कार्निव्हल ३० जानेवारी, १९५९ रोजी सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये झाला. ऋतूमुळे तो बंदिस्त सभागृहात घ्यावा लागला. तारीख मात्र त्रिनिदादमधील कार्निव्हलच्या हंगामाशी जुळणारी होती. दिग्दर्शन त्रिनिदादचे गायक-अभिनेते एड्रिक कॉनर यांनी केले. बॉस्को होल्डर यांचे नृत्यपथक, कॅलिप्सो गायक माइटी टेरर, जॅझ गायिका क्लिओ लेन आदी कलावंत त्यात होते. शिवाय स्टीलबँड, वेशभूषा आणि कार्निव्हल राणीची निवड असा भरगच्च कार्यक्रम होता. बीबीसीने त्याचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण केले. काही महिन्यांपूर्वी दंग्यांच्या बातम्यांतून दिसलेला समाज आता प्रेक्षकांना वेगळ्या रूपात दिसला.

कार्यक्रमाच्या पत्रिकेत जाहीर केल्याप्रमाणे उत्पन्नाचा काही भाग नॉटिंग हिल प्रकरणात सापडलेल्या तरुणांच्या दंडासाठी होता. त्यात कृष्णवर्णीयांबरोबर गोऱ्या तरुणांचाही समावेश होता. ही बाब क्लॉडिया यांच्या भूमिकेवर पुरेसा प्रकाश टाकते. सौंदर्यस्पर्धेचा समावेश त्यांच्या स्त्रीविषयक विचारांशी विसंगत वाटू शकतो. परंतु कृष्णवर्णीय स्त्रीला सुंदर म्हणण्याचीच जेथे पद्धत नव्हती तेथे तिला रंगमंचावर मुकुट घालण्याला वेगळा अर्थ होता.

१७ मे, १९५९ रोजी नॉटिंग हिलमध्ये केल्सो कॉक्रेन या अँटिगाच्या सुतारकाम करणाऱ्या तरुणाचा गोऱ्या टोळक्याने भोसकून खून केला. कोणालाही शिक्षा झाली नाही. त्याच्या अंत्ययात्रेला हजारावर लोक लोटले. या प्रकरणी न्यायाची मागणी करणाऱ्यांत क्लॉडिया पुढे होत्या. कार्निव्हलही चालू राहिला. १९६४ पर्यंत तो दरवर्षी लंडनमधील निरनिराळ्या सभागृहांत भरत असे. नंतरच्या काळात प्रख्यात कॅलिप्सो गायक माइटी स्पॅरो हेही त्यात गायले.

== नॉटिंग हिल कार्निव्हलशी संबंध ==

आजचा नॉटिंग हिल कार्निव्हल या सभागृहांतील कार्यक्रमांतून थेट वाढलेला नाही. १९६६ मध्ये रौन लॅस्लेट या समाजसेविकेने स्थानिक मुलांसाठी आणि रहिवाशांसाठी नॉटिंग हिलमध्ये रस्त्यावरील जत्रा भरवली. ती विशेषतः कॅरिबियन नव्हती. त्या वस्तीतील नाना देशींच्या लोकांसाठी होती. तीत रसेल हेंडरसन यांचे स्टीलबँड पथक वाजवत वाजवत रस्त्याने निघाले आणि लोक मागे चालू लागले. जत्रेची मिरवणूक झाली ती अशी. १९७३ पासून लेस्ली पामर यांनी बेटाबेटांचे वेशधारी गट व जमैकन पद्धतीची साउंड सिस्टिम यांना स्थान देऊन तिला सध्याचे रूप दिले.

त्यामुळे क्लॉडिया जोन्स आणि रौन लॅस्लेट यांपैकी कोणाला जनकत्व द्यावे याबद्दल वाद चालू असतो. दोन्ही उपक्रमांत संस्थात्मक सातत्य नव्हते आणि १९६६ ची जत्रा होण्यापूर्वीच क्लॉडिया निवर्तल्या होत्या. तथापि सभागृहांतील कार्निव्हलमुळे लंडनमधील कॅरिबियन वादक, गायक आणि प्रेक्षक एकमेकांशी जोडले गेले होते, आणि रस्त्यावरील उत्सवाला त्याचा उपयोग झाला. लॅस्लेट यांचे श्रेय पुसून सारे क्लॉडिया यांच्या नावावर मांडणे इतिहासाला धरून होत नाही. तसेच उत्सवाचा आरंभ १९६६ मध्ये धरून १९५८ चे दंगे त्याच्या कथेतून वगळणेही योग्य नाही.

== अखेरची वर्षे आणि मृत्यू ==

राष्ट्रकुलातील लोकांच्या प्रवेशावर मर्यादा घालणाऱ्या १९६२ च्या कायद्याला क्लॉडिया यांनी गॅझेटमधून आणि सभांमधून विरोध केला. ऑगस्ट १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वॉशिंग्टन मोर्चाला पाठिंबा म्हणून लंडनमधील अमेरिकी वकिलातीवर काढलेल्या मोर्चाच्या संयोजनात त्यांचा सहभाग होता. १९६२ मध्ये त्या सोव्हिएत संघाला व १९६४ मध्ये जपान आणि चीनला जाऊन आल्या. प्रकृती मात्र ढासळत चालली होती.

२४ डिसेंबर, १९६४ रोजी हृदयविकाराने त्यांचे राहत्या घरी निधन झाले. त्या एकट्या राहत असल्याने ही गोष्ट नाताळच्या दिवशी उघडकीस आली. त्या ४९ वर्षांच्या होत्या. ९ जानेवारी, १९६५ रोजी गोल्डर्स ग्रीन येथे अंत्यसंस्कार झाले आणि त्यांच्या अस्थी हायगेट दफनभूमीत कार्ल मार्क्स यांच्या समाधीच्या डाव्या बाजूस ठेवण्यात आल्या. वेस्ट इंडियन गॅझेट त्यांच्यामागे काही महिन्यांतच बंद पडले.

== स्मृती ==

हायगेट येथील त्यांच्या समाधीवर १९८४ पर्यंत शिळा नव्हती. २००८ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने कर्तबगार स्त्रियांवरील मालिकेत त्यांच्यावर तिकीट काढले. त्याच वर्षी नॉटिंग हिलमध्ये कार्निव्हलच्या मार्गावर त्यांच्या नावाचा निळा फलक लावण्यात आला. २०२३ मध्ये दक्षिण लंडनच्या व्हॉक्सॉल भागात त्या जेथे राहत असत त्या घरावरही असा फलक बसवण्यात आला.