बहिष्कृत स्पिनोझा

बारुख स्पिनोझा १६३२ साली ॲमस्टरडॅमच्या ज्यू वस्तीत जन्मला. १६५६ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, पाखंडी ठरवून समाजाने त्याला बहिष्कृत केले. त्याच्याशी बोलायचे नाही, एका छपराखाली राहायचे नाही! बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तो शरण गेला नाही. दुसरा धर्मही घेतला नाही. भिंगे घासून पोट भरले. निसर्गाचे नियम समजून घेण्यातच त्याला समाधान लाभले. १६७७ मध्ये तो वारला. त्याच वर्षी मित्रांनी त्याचा ‘एथिक्स’ हा ग्रंथ छापला. त्या बहिष्कारानंतर बरोबर तीनशे वर्षांनी, १९५६ साली, बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंसह धम्म स्वीकारला. धर्म सोडणाऱ्याला विचार हवा, तशी सोबतही हवी. आज घरचा देव्हारा नाकारून एकटा पडलेल्या तरुणाच्या दारी आपण जाणार आहोत का?