एल्विस प्रेस्ली

एल्विस ॲरन प्रेस्ली (८ जानेवारी १९३५ – १६ ऑगस्ट १९७७) हा अमेरिकन गायक आणि चित्रपट अभिनेता होता. विसाव्या शतकाच्या मध्यास रॉक अँड रोल हा संगीतप्रकार घरोघरी पोहोचवणाऱ्या कलावंतांत त्याचे नाव अग्रभागी घेतले जाते. गायक म्हणून त्याची कीर्ती प्रामुख्याने १९५४ ते १९५८ या काळातील ध्वनिमुद्रणांवर उभी आहे. परंतु त्यानंतरची सुमारे आठ वर्षे त्याने मुख्यतः चित्रपटांत काम केले आणि त्या चित्रपटांची गाणी गायली. या चित्रपटगीतांच्या संग्रहांपैकी 'ब्लू हवाई' (१९६१) हा सर्वांत यशस्वी ठरला. त्या यशाने त्याला अमाप पैसा मिळवून दिला. त्याच यशाने पुढील सात वर्षे त्याने काय गावे हेही ठरवून टाकले.

बालपण

एल्विसचा जन्म अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील टुपेलो या गावी दोन खोल्यांच्या लाकडी घरात झाला. त्याच्याबरोबर जन्मलेला जुळा भाऊ जेसी मृतावस्थेत जन्मला होता. त्यामुळे एकुलत्या एक राहिलेल्या मुलावर आई ग्लॅडिस हिची विलक्षण माया होती. वडील व्हर्नन मिळेल ते काम करीत. १९३८ साली धनादेशावरील रकमेत फेरफार केल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला आणि कुटुंबाचे घरही गेले. आई-वडिलांबरोबर एल्विस 'असेंब्ली ऑफ गॉड' पंथाच्या चर्चमध्ये जात असे. तेथील सामूहिक भक्तिगीते, गोऱ्या शेतकऱ्यांचे कंट्री संगीत आणि शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीतील ब्लूज हे तिन्ही सूर त्याच्या कानावर एकाच वेळी पडत होते. दक्षिणेकडील त्या काळच्या वर्णभेदी समाजात या सुरांच्या वाटा वेगळ्या मानल्या जात. मुलाच्या कानाला मात्र हा भेद माहीत नव्हता. अकराव्या वाढदिवशी त्याला गिटार मिळाली.

१९४८ च्या नोव्हेंबरात हे कुटुंब टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात गेले. १९५३ साली एल्विसने ह्यूम्स हायस्कूलमधून शालेय शिक्षण पूर्ण केले आणि पुढे एका विद्युत कंत्राटदाराकडे ट्रक चालवण्याची नोकरी धरली.

सन रेकॉर्ड्स ते आरसीए

मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स यांचा ध्वनिमुद्रणाचा छोटा स्टुडिओ होता. थोडे पैसे भरून तेथे कोणालाही स्वतःच्या आवाजाची तबकडी करून घेता येत असे. १९५३ च्या उन्हाळ्यात एल्विसने तशी एक तबकडी करून घेतली. पुढील वर्षी, ५ जुलै १९५४ रोजी, गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक यांच्यासह त्याच स्टुडिओत रात्री उशिरापर्यंत काहीच मनासारखे जमत नसताना त्याने सहज थट्टेच्या ओघात आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे 'दॅट्स ऑल राइट' हे गाणे सुरू केले. फिलिप्स यांनी ते ध्वनिमुद्रित केले. काही दिवसांतच मेम्फिसच्या आकाशवाणीवर ते वाजले आणि तबकडीला मागणी सुरू झाली. क्रुडप यांना स्वतःच्या रचनांचे मानधन मात्र आयुष्यभर पुरेसे मिळाले नाही. एल्विसच्या चरित्रात ही बाब टाळून पुढे जाता येत नाही.

१९५५ साली टॉम पार्कर या व्यवस्थापकाने एल्विसच्या कारकिर्दीचा ताबा घेतला. स्वतःला 'कर्नल' म्हणवणारा हा गृहस्थ मूळचा नेदरलँड्सचा. त्याचे खरे नाव आंद्रिआस फान काउक. तो कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आला होता. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात आरसीए व्हिक्टर या कंपनीने एल्विसचा करार सन रेकॉर्ड्सकडून ३५,००० डॉलरला विकत घेतला. १९५६ च्या जानेवारीत 'हार्टब्रेक हॉटेल' ध्वनिमुद्रित झाले आणि वर्षभरात एल्विसचे नाव साऱ्या अमेरिकेत दुमदुमले. दूरचित्रवाणीवरील त्याच्या अंगविक्षेपांवर इतकी टीका झाली, की जानेवारी १९५७ मध्ये एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात कॅमेऱ्याने त्याला कमरेच्या वरच ठेवले.

चित्रपटाचे आकर्षण

एल्विसला मनापासून नट व्हायचे होते. मार्लन ब्रँडो आणि जेम्स डीन हे त्याचे आदर्श होते. १९५६ साली निर्माते हॅल वॉलिस यांनी त्याची पडदा-चाचणी घेऊन त्याला करारबद्ध केले. 'लव्ह मी टेंडर' (१९५६) हा त्याचा पहिला चित्रपट. त्याचे मूळ नाव वेगळे होते. शीर्षकगीताच्या तबकडीची मागणी पाहून ते बदलण्यात आले. गाण्याने चित्रपटाचे नाव ठरवण्याचा हा प्रसंग पुढच्या साऱ्या कथेची नांदी म्हणावा लागेल.

भारतीय वाचकाने येथे एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्याकडे तोपर्यंत पार्श्वगायन स्थिरावले होते. पडद्यावर नट ओठ हलवी आणि आवाज दुसऱ्याचा असे. एल्विस मात्र स्वतःच्याच आधी ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजावर ओठ हलवीत असे. नट आणि गायक एकच असल्यामुळे चित्रपट तबकडीची जाहिरात करी आणि तबकडी चित्रपटाची.

सुरुवातीच्या चित्रपटांत हे समीकरण संगीताला मारक ठरले नाही. 'जेलहाउस रॉक' (१९५७) या चित्रपटासाठी जेरी लीबर आणि माइक स्टोलर या जोडीने लिहिलेली गाणी त्याच्या सर्वोत्तम गाण्यांत मोडतात. मायकेल कर्टिझ दिग्दर्शित 'किंग क्रिओल' (१९५८) मध्ये त्याचा अभिनयही गंभीरपणे घेण्याजोगा होता. हा चित्रपट पुरा करण्यासाठी सक्तीच्या लष्करी सेवेतून त्याला थोडी मुदतवाढ मिळाली. २४ मार्च १९५८ रोजी तो सैन्यात दाखल झाला. १४ ऑगस्ट रोजी आईचे निधन झाले; या आघातातून तो कधीच पूर्णपणे सावरला नाही, असे त्याचे बहुतेक चरित्रकार मानतात. त्याची नेमणूक पश्चिम जर्मनीत होती. तेथेच १९५९ मध्ये प्रिसिला ब्यूलिए हिची भेट झाली.

'ब्लू हवाई'

मार्च १९६० मध्ये सैन्यातून परतल्यावर एल्विसने 'एल्विस इज बॅक!' हा संग्रह ध्वनिमुद्रित केला. ब्लूज, गॉस्पेल आणि भावगीताच्या वळणाची गाणी त्यात होती आणि आवाजात नवी परिपक्वता आली होती. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच वर्षी निघालेल्या 'जी. आय. ब्लूज' या हलक्याफुलक्या चित्रपटाच्या गाण्यांचा संग्रह मात्र पहिल्या क्रमांकावर दहा आठवडे राहिला. त्यापाठोपाठ आलेले 'फ्लेमिंग स्टार' आणि 'वाइल्ड इन द कंट्री' हे कमी गाण्यांचे गंभीर चित्रपट तुलनेने फिके पडले. पार्करने यातून घ्यायचा तो धडा घेतला.

'ब्लू हवाई' ची गाणी २१ ते २३ मार्च १९६१ या तीन दिवसांत हॉलिवूडच्या रेडिओ रेकॉर्डर्स स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. लगेच २५ मार्च रोजी एल्विसने हवाईतील पर्ल हार्बर येथे कार्यक्रम केला. १९४१ च्या जपानी हल्ल्यात बुडालेल्या 'ॲरिझोना' या युद्धनौकेच्या स्मारकासाठी त्यातून ५०,००० डॉलरहून अधिक निधी जमला. त्यानंतर सात वर्षे तो श्रोत्यांसमोर गाण्यासाठी उभा राहिला नाही.

चित्रपटाचे दिग्दर्शन नॉर्मन टॉरॉग यांचे होते. हवाईला १९५९ साली राज्याचा दर्जा मिळाला होता आणि पर्यटकांचा ओघ वाढत होता. निळा समुद्र, फुलांच्या माळा आणि अननसाचे मळे पडद्यावर पाहायला प्रेक्षक उत्सुक होते. कथा नाममात्र आहे : सैन्यातून परतलेला श्रीमंत घरचा मुलगा घरच्या अननसाच्या व्यवसायात न शिरता पर्यटकांचा वाटाड्या होतो. त्याच्या आईची भूमिका अँजेला लॅन्सबरी यांनी केली. वास्तवात त्या एल्विसपेक्षा जेमतेम नऊ वर्षांनी मोठ्या होत्या.

संग्रहात चौदा गाणी होती. शीर्षकगीत मूळचे १९३७ सालच्या बिंग क्रॉस्बी यांच्या चित्रपटातील. 'अलोहा ओए' ही हवाईच्या अखेरच्या राणी लिलिउओकलानी यांची रचना. 'हवाईयन वेडिंग साँग' चे मूळही हवाईयन भाषेतील गीतात आहे. स्टील गिटार आणि युकुलेली यांच्या साथीने या गाण्यांना बेटांचा रंग दिला आहे. उरलेल्यांतील काही गाणी प्रसंगापुरती रचलेली आणि आज विस्मरणात गेलेली आहेत. या साऱ्यांत 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह' हे गाणे वेगळे उठून दिसते. त्याची चाल 'प्लेझीर दामूर' या अठराव्या शतकातील फ्रेंच गीतावर बेतलेली आहे. चित्रपटात नायक ते प्रेयसीच्या आजीच्या वाढदिवशी, तिला भेट दिलेल्या संगीतपेटीच्या सुरावर गातो. एल्विसने ते आवाज न चढवता, जवळजवळ कुजबुजीच्या पट्टीत गायले आहे. दंगा माजवणारा गायक म्हणून त्याला ओळखणाऱ्यांनी आवर्जून ऐकावे असे हे गायन आहे.

ऑक्टोबर १९६१ मध्ये संग्रह आणि पुढच्या महिन्यात चित्रपट प्रदर्शित झाला. संग्रह 'बिलबोर्ड' च्या यादीत २० आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. एल्विसच्या अन्य कोणत्याही संग्रहाला इतका दीर्घ काळ हे स्थान लाभले नाही.

ठरावीक साचा

यानंतर वर्षाला साधारण तीन चित्रपट हा नेम झाला. रम्य स्थळ, दोन-तीन सुंदर तरुणी, एखादी मारामारी आणि दहा-बारा गाणी हा साचाही ठरून गेला. १९६० च्या दशकाच्या मध्यास त्याला एका चित्रपटामागे सुमारे दहा लाख डॉलर आणि नफ्यातील वाटा मिळू लागला. गाण्यांची निवड मात्र गुणावर होत नव्हती. एल्विसच्या नावाने काढलेल्या प्रकाशन संस्थांना स्वामित्वधनाचा हिस्सा देण्यास तयार असलेल्या गीतकारांचीच गाणी बहुधा त्याच्यापुढे ठेवली जात. चांगले गीतकार हळूहळू दुरावले. १९६३ च्या मे महिन्यात चित्रपटाबाहेरचा एक संग्रह ध्वनिमुद्रित झाला होता; तो त्या वेळी निघालाच नाही. त्यातील गाणी चित्रपटसंग्रहांची पाने भरण्यासाठी इकडे-तिकडे वापरली गेली.

बाहेर संगीताचे जग बदलत होते. १९६४ साली बीटल्स अमेरिकेत आले. त्याच वर्षीचा 'राउस्टअबाउट' हा संग्रह पहिल्या क्रमांकापर्यंत पोहोचला, पण त्यानंतर उतरण लागली. 'डबल ट्रबल' (१९६७) मध्ये त्याच्या वाट्याला 'ओल्ड मॅकडोनल्ड' हे बालगीत आले. त्याच वर्षीच्या 'ईझी कम, ईझी गो' मध्ये योगासनांची खिल्ली उडवणारे एक गाणे आहे. योगाशी परिचित मराठी वाचकाला ते ऐकताना हसू येण्यापेक्षा गायकाची कीव येण्याचा संभव अधिक. 'स्पीडवे' (१९६८) चा संग्रह यादीत ८२ व्या क्रमांकावरच अडला. एल्विस या गाण्यांना कंटाळला होता, परंतु करार मोडण्याचे धाडस त्याने केले नाही. पार्करइतकाच दोष त्याच्या या स्वभावालाही द्यावा लागतो.

या काळात त्याने मन ओतून केलेले काम म्हणजे 'हाउ ग्रेट दाउ आर्ट' (१९६७) हा भक्तिगीतांचा संग्रह. त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पुढे मिळालेले दोन स्पर्धात्मक ग्रॅमी पुरस्कारही भक्तिगीतांसाठीच होते.

पुनरागमन

१ मे १९६७ रोजी एल्विस आणि प्रिसिला यांचा विवाह झाला. पुढील फेब्रुवारीत कन्या लिसा मेरी हिचा जन्म झाला. १९६८ मध्ये एनबीसी वाहिनीसाठी विशेष कार्यक्रम ठरला. पार्करला त्यात नाताळची गाणी हवी होती. दिग्दर्शक स्टीव्ह बिंडर यांनी मात्र एल्विसला काळ्या चामड्याच्या पोशाखात, जुन्या साथीदारांसह, मोजक्या श्रोत्यांच्या मधोमध बसवले. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षी एल्विसच्या मेम्फिसमध्ये झाली होती. त्या अस्वस्थ काळाला उद्देशून नव्याने लिहिलेले 'इफ आय कॅन ड्रीम' हे गीत कार्यक्रमाच्या शेवटी घेण्यात आले. ३ डिसेंबर १९६८ च्या प्रसारणाने त्याची गेलेली प्रतिष्ठा परत आणली.

१९६९ च्या आरंभी मेम्फिसमधील अमेरिकन साउंड स्टुडिओत चिप्स मोमन यांच्या देखरेखीखाली झालेली ध्वनिमुद्रणे समीक्षक त्याच्या उत्तरकाळातील सर्वश्रेष्ठ मानतात. त्यांतील 'सस्पिशस माइंड्स' हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. असे यश त्याला १९६२ नंतर प्रथमच मिळत होते. त्याच वर्षी त्याने कथापटांतील अभिनय थांबवला. तोवर ३१ चित्रपट झाले होते.

अखेरची वर्षे

३१ जुलै १९६९ पासून लास व्हेगासच्या हॉटेलांत त्याचे कार्यक्रम सुरू झाले; १९७६ पर्यंत त्यांची संख्या सहाशेच्या वर गेली. १४ जानेवारी १९७३ रोजी होनोलुलूहून त्याचा 'अलोहा फ्रॉम हवाई' हा कार्यक्रम उपग्रहाद्वारे अनेक देशांत दाखवण्यात आला. अब्जाहून अधिक लोकांनी तो पाहिल्याचा आकडा वारंवार छापला जातो. तो जाहिरातीचा आहे, त्याला आधार नाही. या कार्यक्रमाचा संग्रह पहिल्या क्रमांकावर पोहोचला. परदेश दौऱ्याची मागणी सतत असूनही १९५७ मधील कॅनडातील कार्यक्रम वगळता एल्विस अमेरिकेबाहेर कधीच गायला नाही. पार्करकडे पारपत्र नव्हते, हे त्याचे कारण असावे असे मानले जाते.

१९७३ साली घटस्फोट झाला. त्याच वर्षी पार्करने जुन्या ध्वनिमुद्रणांवरील स्वामित्वधनाचा हक्क आरसीएला सुमारे ५४ लाख डॉलरना विकला. 'ब्लू हवाई' चेही पुढील उत्पन्न त्यात गेले. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचे व्यसन, वाढते वजन आणि अखंड दौरे यांनी एल्विसची प्रकृती ढासळत गेली. १६ ऑगस्ट १९७७ रोजी मेम्फिस येथील ग्रेसलँड या राहत्या घरी हृदयक्रिया बंद पडून त्याचे निधन झाले. तो ४२ वर्षांचा होता.

मृत्यूनंतर लिसा मेरीच्या हितसंबंधांची चौकशी करताना मेम्फिसच्या न्यायालयापुढे पार्करचे व्यवहार आले. उत्पन्नाचा निम्मा वाटा घेणे अवाजवी असल्याचा निष्कर्ष निघाला आणि १९८३ मध्ये तडजोड होऊन पार्करचा संबंध संपला. ग्रेसलँड १९८२ पासून लोकांसाठी खुले आहे.

'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह' या गाण्याने एल्विस आपल्या मैफलींचा समारोप करीत असे. २६ जून १९७७ रोजी इंडियानापोलिस येथे झालेल्या शेवटच्या कार्यक्रमातही शेवटचे गाणे तेच होते. त्याच्या हयातीत अमेरिकेत ते दुसऱ्या क्रमांकाच्या वर गेले नाही. १९९३ साली यूबी४० या ब्रिटिश वाद्यवृंदाने रेगे शैलीत गायलेले तेच गाणे 'स्लिव्हर' या चित्रपटाच्या संगीतसंग्रहात आले आणि पहिल्या क्रमांकावर पोहोचले.