बियाण्याचा हिशेब मांडणारे प्रशांतचंद्र

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिले : राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७ टक्क्यांवरून ११ टक्के. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने (१९५६-६१) देशातील गुंतवणूक एवढी वाढवायचे ठरवले होते. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. मला हे शब्द परके वाटले. मग आजी आठवली. घरातले धान्य संपत आले तरी मडक्यात राख मिसळून ठेवलेल्या बियाण्याच्या ज्वारीला ती कुणाला हात लावू देत नसे. गुंतवणूक म्हणजे देशाने राखलेले बियाणे, हे तेव्हा उमगले. ती योजना ज्यांच्या आराखड्यावर उभी राहिली, त्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याविषयी मी ग्रंथालयात शोधू लागलो.

२९ जून १८९३ रोजी कलकत्त्यास एका ब्राह्मो कुटुंबात त्यांचा जन्म झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९१२ साली पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ते पुढे केंब्रिजला गेले. तेथे ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्रीय नियतकालिकाचे अंक हाती पडले आणि आयुष्याची दिशाच पालटली. नोकरी पदार्थविज्ञान शिकवण्याची, ध्यास मात्र आकड्यांचा! प्रेसिडेन्सीतल्याच त्यांच्या छोट्या प्रयोगशाळेतून १९३१ साली भारतीय संख्याशास्त्र संस्था जन्मली. बंगालमधले तागाचे पीक किती, हे सारी शेते न मोजता निवडक शेतांवरून सांगता येते, हे त्यांनी दाखवून दिले. शितावरून भाताची परीक्षा आपल्या घरोघरी होते. त्यांनी तिला शास्त्राची शिस्त लावली.

एकूण उत्पन्नच ठाऊक नसेल, तर त्यातला किती वाटा राखला हे कसे सांगणार? १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. महालनोबीस तिचे अध्यक्ष होते, तर पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ सदस्य. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली.

१९५५ साली त्यांनी दुसऱ्या योजनेचा आराखडा मांडला. किती राखायचे याइतकेच, राखलेले कशात घालायचे हेही महत्त्वाचे, असा त्यांचा विचार होता. आधी पोलाद आणि यंत्रे बनवणारी यंत्रे. मग पुढे गुंतवणूक वाढवणे सोपे जाईल, असे ते गणित. मुंबई विद्यापीठातील वकील व ब्रह्मानंद यांनी त्यावर आक्षेप घेतला. कामकऱ्याला आधी धान्य आणि कापड हवे, असे त्यांचे म्हणणे. पुढे १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली. १९६५-६६ च्या दुष्काळात तर परदेशी गव्हावर दिवस काढावे लागले. आक्षेप खोटा नव्हता, असे मला वाटते. बियाणे राखताना अर्धपोटी कोण झोपत असे, हे आजी सांगत नाही. पण मला ते ठाऊक आहे.

२८ जून १९७२ रोजी, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, महालनोबीस निवर्तले. मोजण्याची रीत थोडी बदलली असली तरी, २००७-०८ मध्ये देशाच्या गुंतवणुकीचा वाटा ३५ टक्क्यांच्या वर गेला होता. त्याच २००७ सालापासून २९ जून हा सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

माझी फी हेही आमच्या घराने राखलेले बियाणेच आहे. ते राखण्यासाठी कुणी काय सोसले, याचा हिशेब मी विसरता कामा नये.

(द्वितीय वर्ष, कला)